जोखडाविना जोडलेले कण

पाटोद्याच्या शिवारात औताला जुंपलेली बैलजोडी तुम्ही पाहिली असेल. डावीकडच्या बैलाने मान हिसडली की उजवीकडच्याला त्याच क्षणी धक्का बसतो, असे आपण म्हणतो. खरे पाहता हा हिसका जुवाच्या लाकडातून सेकंदाला काही हजार मीटर वेगाने जातो. जू दोनेक मीटरचे, म्हणून उशीर जाणवत नाही, इतकेच.

आता जू काढून टाकू. समजा, अ आणि ब हे दोन विजातीय विद्युत्भारित कण एकमेकांपासून ३ लाख किलोमीटरांवर धरून ठेवले आहेत. (चंद्र याहून थोडाच दूर आहे.) अ ला कोणी झटक्यात ब च्या दिशेने सरकवले. अ जेथे पोहोचला तेथे ब चा प्रभाव आधीच पसरलेला आहे. त्यामुळे अ वरील ओढ लगेच वाढते. ब ला मात्र ही वार्ता सुमारे एका सेकंदाने कळते. कारण आइन्स्टाइनच्या १९०५ सालच्या सापेक्षता सिद्धान्तानुसार कोणताही प्रभाव प्रकाशाहून जलद जाऊ शकत नाही. म्हणजे त्या सेकंदापुरता न्यूटनचा तिसरा नियम लंगडा पडला! मग संवेगाच्या अक्षय्यतेचे काय?

ती टिकते. आपण दोनच खाती मांडली होती. तिसरे खाते मधल्या विद्युत्चुंबकीय क्षेत्राचे. क्षेत्रालाही संवेग असतो. धूमकेतूची धुळीची शेपटी सूर्यप्रकाश मागे ढकलतो, तो याच संवेगामुळे.

हे तिसरे खाते वगळून चालेल का? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उमेदवारी केलेले ई. सी. जी. सुदर्शन यांनी करी व जॉर्डन यांच्यासह १९६३ साली दाखवले, की दोन कणांची स्थाने व संवेग एवढ्यावरच हॅमिल्टनच्या पद्धतीने गणित मांडले आणि कणांचे मार्ग सर्व निरीक्षकांच्या दृष्टीने सुसंगत हवेत अशी अट घातली, तर ते कण एकमेकांवर बलच लावू शकत नाहीत. दोघे आपापल्या सरळ रेषेत चालू लागतात. केवढा विचित्र निष्कर्ष!

व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ साली वेगळी पद्धत वापरून क्षेत्र वगळले होते. त्यांच्या मते प्रत्येक कणाचा प्रभाव अर्धा भविष्याकडे व अर्धा भूतकाळाकडे जातो. विश्वातले उरलेले कण असा प्रतिसाद देतात, की मागे जाणारा भाग पुसला जातो. पण सारे विश्व असा प्रतिसाद देते का? कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर आणि फ्रेड हॉइल यांनी केंब्रिजला हे तपासले. त्यांच्या गणितात स्थिर-स्थिती विश्वात हिशेब जुळला. कायम प्रसरण पावणाऱ्या महास्फोटी विश्वात जुळला नाही. पुढे १९६५ साली सूक्ष्मतरंग प्रारण सापडले आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी स्थिर-स्थितीची बाजू सोडली. नारळीकरांनी मात्र महास्फोटाविषयीच्या आपल्या शंका २०२५ साली निधन होईपर्यंत सोडल्या नाहीत.