आधी कोणते काम?

नगरपालिकेपुढे कामे पुष्कळ असतात. पाणी, गटारे, दिवाबत्ती, शाळा. पैसा मात्र मोजका असतो. म्हणून आधी कोणते काम हाती घ्यावे व कोणते मागे ठेवावे, हे सभासदांना ठरवावे लागते.

१८७६ साली सरकारने जोतीराव फुले यांना पुणे नगरपालिकेचे सभासद नेमले. त्या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे-भेटीनिमित्त १,००० रुपये खर्चावे, अशी सूचना सभेपुढे आली. सभासद सरकारनियुक्त, व्हाइसरॉयच्या सन्मानास विरोध कोण करणार? तो जोतीरावांनी केला. हा पैसा पुण्यातील गोरगरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे त्यांनी सुचविले. ३२ सभासदांत विरोधी मत त्यांचे एकट्याचेच पडले.

तोच रुपया दोनदा खर्चता येत नाही. तो स्वागतात गेला, तर शाळेच्या वाट्यास येत नाही. एवढी गोष्ट भर सभेत सांगावयासही धैर्य लागते.

आजही १ एप्रिलला नवे आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी नगरपालिकेस अंदाजपत्रक करावे लागते. त्यातील प्रत्येक रकमेविषयी विचारावे: या पैशाची निकड सर्वांत अधिक कोणास आहे?