पाळणाघराची फी कुणाच्या पगारातून?

आईची 26 आठवड्यांची रजा संपत आली की घरात हिशेब सुरू होतो. "पाळणाघराचे पैसे आणि जाण्यायेण्याचं भाडं गेल्यावर तुझ्या हातात उरणार काय?" प्रश्न आईलाच. बाबांच्या पगारातून ही वजाबाकी कुणी करत नाही. मूल दोघांचं, तर फीही दोघांच्या मिळून कमाईतून मोजा. शिवाय फी तीन-चार वर्षांची असते. आईने नोकरी सोडली तर पुढची बढती आणि भविष्य निर्वाह निधीही जातो, तेही कागदावर मांडा.

तान्ह्या बाळाची फी जास्त का, तेही समजून घेऊ. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वर्षांखालच्या 10 मुलांमागे एक प्रशिक्षित ताई लागते, त्यावरच्या 20 मुलांमागे एक. म्हणजे लहानग्यांच्या ताईचा पगार निम्म्याच घरांत वाटला जातो. त्यामुळे कुठे फी फारच कमी दिसली, तर एक ताई किती मुलं बघते हे आधी विचारा.

आता खर्च कुठे वाचेल? पहिली चौकशी कंपनीत करा. 2017 च्या दुरुस्तीपासून प्रसूती लाभ कायद्यात 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. हे 50 म्हणजे स्त्री-पुरुष सगळे मिळून. आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं. या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेत तर अनेक आस्थापनांनी मिळून एकच पाळणाघर चालवायलाही मुभा आहे. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत शेजारी-शेजारी असलेल्या कारखान्यांना हे सहज जमेल. मागणी घेऊन एचआरकडे बाबांनीही जावं.

मूल तीन वर्षांचं झालं की अंगणवाडी आहे, तीही मोफत. ती काही तासच चालते, म्हणून पाळणाघरात उरलेल्या वेळेचाच दर ठरवा. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर असतं. आपल्या भागात ते आहे का, हे एकात्मिक बाल विकास प्रकल्पाच्या कार्यालयात विचारा. नसेल तर ग्रामसभेत मागा.

पेणजवळच्या हमरापूर, जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत हंगामात रात्रीही काम चालतं. तिथे तीन-चार घरांनी मिळून एखादी ओळखीची ताई तेवढ्या महिन्यांपुरती ठेवली, तर प्रत्येकीला परवडतं. मूल कारखान्यात सोबत नेऊ नका. प्लास्टरची धूळ आणि रंग त्याच्या श्वासाला बरे नव्हेत.

पेणहून पनवेलकडे रेल्वेने जाणाऱ्यांनी आणखी एक विचारावं: गाडी लेट झाली तर जास्तीच्या वेळेचे किती? ही रक्कम फीत धरली नाही, तर महिनाअखेरीस ओढाताण होते.

आणि आजी? ती पैसे घेत नाही, पण तिचे गुडघे, तिचं भजनी मंडळ, तिची दुपारची झोप यांचीही किंमत आहे. अर्धा दिवस आजी, अर्धा दिवस पाळणाघर, अशी वाटणी पुष्कळ घरांना झेपते.

घासाघीस करायचीच तर तासांवर करा, ताईच्या पगारावर नको. कमी पगाराची ताई टिकत नाही, आणि दर दोन महिन्यांनी नव्या माणसाची सवय करून घ्यावी लागते ती आपल्या बाळाला.