कोल्हापूरची सहल आणि न दुखणारा फोड

वाचकहो, दर आठवड्याला या सदरात मी तुमच्या आजारांविषयी लिहितो. आज माझ्या स्वतःच्या पायाविषयी लिहिणार आहे. कारण जी चूक करू नका म्हणून मी पंचवीस वर्षे रुग्णांना बजावत आलो, तीच माझ्या हातून घडली. घडली कोल्हापुरात, आणि लक्षात आली घरी परतल्यावर.

मला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या वेळेवर, साखर बऱ्यापैकी ताब्यात. गेल्या हिवाळ्यात सौ. म्हणाल्या, "अहो, कोल्हापूर एवढं जवळ, पण लग्नकार्याशिवाय कधी गेलो नाही. दोन दिवस नुसतं हिंडायला जाऊ या." शनिवारी सकाळी मिरजेहून रेल्वेने निघालो. गोळ्या, बिस्किटाचा पुडा, साखरेच्या पुड्या, पाण्याची बाटली, सगळे बरोबर घेतले होते. तयारीत काही कसूर नाही, असेच मला वाटत होते.

अंबाबाईचे दर्शन झाले. तेथून चार पावलांवर चपलांच्या दुकानांची रांग. कोल्हापुरात येऊन कोल्हापुरी घ्यायची नाही, हे कसे चालेल? झाडाची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे, हाताची शिलाई आणि ती करकर! 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मी एक जोड पसंत केला आणि तिथेच पायांत घातला. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "सायेब, लगेच चालू नका. चार दिस तेल पाजा, घरात घाला, मग भाईर काढा. नवं पायताण हाय, चावंल." मी हसून म्हटले, "चावली तर काढीन." जुन्या चपला पिशवीत गेल्या.

त्या जोडावर मी 1884 साली पूर्ण झालेला नवा राजवाडा पाहिला आणि संध्याकाळी रंकाळ्याच्या काठाने हिंडलो. रात्री तांबडा-पांढरा रस्सा झाला. लॉजवर आलो तो इतका दमलो होतो, की पाय न धुताच झोपलो. रविवारी पन्हाळा. 2025 साली हा गड जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हापासून सौ.च्या मनात तो पाहायचा होताच. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी, सगळे पायी केले. चप्पल एकदाही चावली नाही. मी मनात म्हटले, दुकानदार उगीच घाबरवत होता.

रात्री घरी आलो. हातपाय धुऊन मी आत गेलो, तर मागून सौ.चा आवाज, "अहो, फरशीवर हे तांबडे ठसे कसले? पायाला काय लागलंय तुमच्या?"

"कुठं काय? काहीच दुखत नाही."

त्यांनी मला खुर्चीवर बसवून पाय वर घेतला. उजव्या करंगळीच्या मुळाशी चपलेचा पट्टा घासून रुपयाएवढा फोड आलेला, तोही फुटलेला, आणि त्यात पन्हाळ्याची माती. मी डॉक्टर, पण माझा फोड मला दुसऱ्याने दाखवावा लागला.

फोड दुखला का नाही?

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की बारीक मज्जातंतूंची हानी होते. शरीरातील सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून त्रासाची सुरुवात बहुधा तेथूनच होते. कोणाला मुंग्या येतात, कोणाला रात्री आग होते. पण कित्येकांना काहीच जाणवत नाही. संवेदना हळूहळू कमी होत जाते, आणि कमी होते आहे हेही कळत नाही. यालाच न्यूरोपॅथी म्हणतात.

नवी चप्पल चावते, ही खरे तर देवाची कृपा. दुखले की आपण लंगडतो, चप्पल काढतो, आणि पाय वाचतो. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद 1946 साली तामिळनाडूतील वेल्लोर येथे आले आणि पुढे तेथे कुष्ठरुग्णांवर काम करू लागले. रुग्णांची बोटे झडतात ती रोगाने आपोआप नव्हे, तर वेदना नसल्याने होणाऱ्या आणि दुर्लक्षित राहणाऱ्या जखमांमुळे, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत त्यांनी हाच धडा मधुमेहींच्या पायांसाठी वापरला. वेदना ही पहारेकरी आहे. पहारेकरी झोपला असेल, तर त्याचे काम डोळ्यांनी करावे लागते.

नवरा-बायकोने करायची तपासणी

इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी एक सोपी तपासणी रूढ केली आहे. तिला यंत्र लागत नाही, फक्त घरातले दुसरे माणूस लागते. मधुमेहीने झोपून डोळे मिटावेत. दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा सहा ठिकाणी टोकावर आपले बोट अलगद टेकवावे. फक्त एक-दोन सेकंद. दाबायचे नाही, टोचायचे नाही. स्पर्श कळला की मधुमेहीने "डावा" किंवा "उजवा" म्हणावे. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडून पाय नीट तपासून घ्यावेत.

त्या रात्री सौ.नी माझी ही तपासणी केली. मला चारच स्पर्श कळले. उजवी करंगळी त्यांत नव्हती.

सहलीला निघताना मधुमेहींनी एवढे पाळावे

1. प्रवासात नवे पादत्राण कधीही घालू नये. वापरातले, मऊ तळाचे, बोटांना जागा देणारे घालावे. नवे घेतले तर घरात रोज तासभर घालून मग पाय पाहावेत.

2. ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी अंगठ्याची चप्पल टाळावी. कोल्हापुरी जरूर घ्या, पण जावयासाठी घ्या.

3. देवळात अनवाणी चालताना, विशेषतः उन्हाळ्यात, तापलेल्या फरशीने तळवे भाजतात आणि कळतही नाही. दर्शन सकाळी लवकर घ्यावे. पायांत जाड सुती मोजे राहू द्यावेत.

4. लॉजवरचे गरम पाणी पायावर घेण्यापूर्वी कोपराने पाहावे, किंवा जोडीदाराला पाहायला सांगावे.

5. रोज झोपण्यापूर्वी पाय धुऊन, बोटांमधली जागा कोरडी करून, तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरावा, नाहीतर जोडीदाराला दाखवावेत.

फोड आलाच तर

तो फोडू नये. फुटला असल्यास साबण आणि स्वच्छ पाण्याने धुऊन निर्जंतुक गॉज बांधावे. हळद, चुना, तंबाखू यांपैकी काही भरू नये. त्या पायावर चालणे बंद करावे आणि चोवीस तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे. लाली पसरली, सूज, वास किंवा ताप आला, कातडी काळी पडली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, जावे. दुखत नाही म्हणून वाट पाहू नये. न दुखणे हाच तर आजार आहे.

माझी जखम भरायला पाच आठवडे लागले. माझ्या मित्राने, तोही डॉक्टर, दवाखाना बंद ठेवायला लावून मला घरी बसवले. आणखी दोन दिवस कळले नसते तर करंगळी राहिली असती की नाही, कोण जाणे. अशाच एका फोडापायी बोट गमावलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आता रोज रात्री साडेनऊला सौ. हाक मारतात, "चला, पाय दाखवा." पंधरा-वीस सेकंदांचे काम. येत्या हिवाळ्यात पुन्हा कोल्हापूरला जायचे ठरले आहे, जुन्या चपलांवर. तुम्हीही कुठे निघाला असाल तर जरूर जा, मनसोक्त हिंडा. फक्त आज रात्री एकमेकांचे तळवे एकदा दिव्याखाली धरा.