सायलेन्सर बदलण्याचे काम कारागिराने कसे करावे?

नाशिकमध्ये द्वारका, वडाळा नाका आणि मुंबई-आग्रा रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोटार दुरुस्तीची जी गॅरेजे आहेत, त्यांत आपल्या समाजातील कारागिरांचा भरणा मोठा आहे. डेंटिंग, रेडिएटर, बॅटरी, सीटकव्हर ही जुनी कामे. त्यांत अलीकडे एका कामाची भर पडली आहे. छोट्या पण जोरदार गाडीचा कंपनीने दिलेला सायलेन्सर काढायचा आणि त्या जागी बाहेरचा, भारदस्त आवाजाचा सायलेन्सर बसवायचा. चाकणला तयार होणारी आणि २०२२ पर्यंत विकली गेलेली फोक्सवॅगन पोलो, रांजणगावची २०१५ सालची फियाट पुंटो अबार्थ, २०२१ ची ह्युंदाई आय-२० एन लाइन, २०२४ मध्ये आलेली टाटा अल्ट्रोझ रेसर अशा या गाड्या होत. मालक बहुधा तरुण असतो आणि हौसेला मोल नसते. कामाला पैसा बरा मिळतो. परंतु हे काम नीट न समजता केले तर कारागिराची अब्रू जाते आणि प्रसंगी दुकानावरही बला येते.

कापडवाल्याला मोटारीच्या नळीशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. तीस वर्षे कापड विकताना मी एवढे पाहिले की माल ओळखणे, माप घेणे आणि गिऱ्हाइकाला खरे सांगणे, एवढ्यावर दुकान चालते. आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत सायलेन्सरचे काम चालते. तेथील उस्तादांकडे बसून जे शिकलो आणि स्वतः वाचून जे पडताळले, ते नव्या शागीर्दांसाठी येथे मांडत आहे.

सुरुवात दाव्यापासून करू. "नळी बदलली की दहा-पंधरा हॉर्सपॉवर वाढतात" असे बाजारात सर्रास सांगितले जाते. हे खरे नाही. टर्बो नसलेल्या बाराशे सीसीच्या गाडीचा फक्त मागचा भाग, म्हणजे कॅटच्या पुढची नळी आणि डबे बदलले, तर फार तर एखाद-दोन हॉर्सपॉवरचा फरक पडतो. तेवढा फरक तर तीच गाडी सकाळी आणि भर दुपारी मोजली तरी दिसतो. टर्बोच्या गाडीत धुराची वाट मोकळी केल्याचा लाभ थोडा अधिक असतो, पण तोही कॉम्प्युटरची मांडणी बदलल्याखेरीज फारसा हाती येत नाही. आणि ती बदलली की कंपनीची इंजिनाची हमी अडचणीत येते. मग विकायचे काय? सुराचा फरक, वजनातील घट, न गंजणारा धातू आणि सुबक काम. या चार गोष्टी खऱ्या आहेत. पॉलिस्टरमिश्रित कापड "शुद्ध सुती" म्हणून विकले तर गिऱ्हाईक पहिल्या धुण्यानंतर परत येते. हॉर्सपॉवर विकणाऱ्याकडे ते पहिल्या घाटानंतर परत येते.

आता रचना पाहू. इंजिनापासून मॅनिफोल्ड, टर्बो असल्यास टर्बो, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ज्याला आपण कॅट म्हणतो, मग फ्लेक्सिबल, मधला डबा आणि शेवटी मागचा डबा असा धुराचा प्रवास असतो. कॅटच्या आधी आणि नंतर एकेक ऑक्सिजन सेन्सर असतो. कॅट हा विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनचे वायू यांचे कमी अपायकारक वायूंत रूपांतर करतो. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात. म्हणूनच "कॅट काढून टाका, गाडी मोकळी होईल" असा सल्ला काही ठिकाणी आग्रहाने दिला जातो. काढलेला कॅट भंगारात कोणाच्या नावाने जातो, हे विचारून पाहावे. माझे मत स्पष्ट आहे: कॅटला आणि त्याच्या सेन्सरला हातच लावू नये. बीएस-६ गाडीचा कॉम्प्युटर तो बदल ओळखतो, इंजिनाचा दिवा लावतो आणि पीयूसीच्या तपासणीत गाडी अडकते. डिझेलच्या गाडीत काजळी पकडणारा फिल्टर असतो, त्यालाही हेच लागू. आपले काम कॅटच्या मागे सुरू होते.

नळीचा व्यास किती घ्यावा यावर गॅरेजात मोठे वाद होतात. "इंजिनाला थोडा उलटा दाब लागतोच" असे जुने लोक सांगतात. त्यांचा अनुभव बरोबर आहे, कारण मात्र वेगळे आहे. दाब लागत नाही, वायूचा वेग लागतो. प्रत्येक सिलिंडरमधून धूर धक्क्याधक्क्याने येतो. नळी फार रुंद असेल तर हा वेग मंदावतो आणि टर्बो नसलेल्या गाडीची खालच्या गिअरमधील ओढ कमी होते. अशा बाराशे सीसीच्या गाडीला पावणेदोन, फार तर दोन इंच पुरेत. हजार ते चौदाशे सीसीच्या टर्बो गाडीला दोन ते सव्वादोन इंच. अडीच इंचाचा हट्ट धरणाऱ्याला बहुतेक वेळा फक्त मागून दिसणारे तोंड मोठे हवे असते. ते मोठे लावून द्यावे, आतली नळी मापाचीच ठेवावी.

आवाजाचा मामला

डबे दोन प्रकारचे. एकात आडव्या भिंती आणि कप्पे असतात. आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून विरतात. कंपनीचे डबे बहुधा असे असतात. दुसऱ्यात सरळ भोकाभोकांची नळी आणि भोवती काचेची किंवा बेसाल्टची लोकर. ती आवाज पिऊन टाकते. बाहेरचे "स्पोर्ट" डबे या जातीचे. यात लोकर किती आणि कशी भरली आहे यावर सर्व अवलंबून. सैल भरलेली लोकर लवकर उडून जाते आणि गाडी ट्रॅक्टरसारखी ओरडू लागते. भोकांवर आधी स्टीलच्या लोकरीचा थर आणि त्यावर काचेची लोकर असेल तर आयुष्य वाढते.

गिऱ्हाईक सर्वांत जास्त तक्रार घेऊन येते ती घुमण्याची. मुंबईच्या वाटेवर एका ठराविक वेगाला गाडीत कान बसतात, बोलणे ऐकू येत नाही. याचे गणित सोपे आहे. चार सिलिंडरचे इंजिन एका फेऱ्यात दोन धक्के देते. ३००० आरपीएमला सेकंदाला ५० फेरे, म्हणजे १०० धक्के. तीन सिलिंडरच्या गाडीत हेच ७५ होतात. हा घुमारा मारण्यासाठी मुख्य नळीला एक बंद तोंडाची आडनळी जोडतात. तिची लांबी ध्वनीच्या वेगाच्या हिशेबाने धरायची. गरम धुरात ध्वनी सेकंदाला सुमारे ४५० मीटर जातो. ४५० ला धक्क्यांच्या चौपटीने भागावे. १०० साठी सव्वा मीटरहून किंचित कमी, ७५ साठी दीड मीटर लांबी येते. आडनळीतला वायू मुख्य धारेपेक्षा थंड असतो, म्हणून थोडी लांब ठेवून चालवून पाहावी आणि कापत कापत जुळवावी. तीन सिलिंडरच्या छोट्या गाडीखाली दीड मीटरला जागा मिळणे कठीण. तेथे मधला डबा काढूच नये. याच ओघात एक सांगणे आहे. आय-२० एन लाइन आणि अल्ट्रोझ रेसर ही तीन सिलिंडरची इंजिने आहेत, जुन्या पोलो जीटीचे बाराशेचे टीएसआय चार सिलिंडरचे. कोणतीही नळी लावली तरी तिनाचा सूर चाराचा होत नाही. गिऱ्हाईक मित्राच्या गाडीचा आवाज मोबाइलवर ऐकवून "असाच करून द्या" म्हणते, तेव्हा हे आधीच सांगावे.

माल ओळखणे

येथे कापडाचा धंदा फार कामी येतो. बाजारात "एसएस" म्हणून जे मिळते त्यात निदान तीन जाती आहेत. ४०९ मध्ये सुमारे ११ टक्के क्रोमियम. चुंबक चिकटते, वरून तांबूस गंज धरते पण टिकते, कंपन्या हेच वापरतात. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. चुंबक जवळजवळ धरत नाही. आणि तिसरा २०२, ज्यात निकेल कमी करून मॅंगनीज घातलेले असते. यालाही चुंबक धरत नाही! म्हणून चुंबक लावून "बघा, ३०४ आहे" म्हणणारा स्वतः फसलेला असतो, नाहीतर फसवत असतो. धातूच्या बाजारात थेंब टाकून नऊ व्होल्टच्या बॅटरीने तपासण्याचे औषध मिळते; थेंब लाल झाला की मॅंगनीज जास्त, म्हणजे माल २०२. ही बाटली दुकानात असावी. मालेगावचा माल घेताना आम्ही भिंग लावून इंचातले धागे मोजतो, विक्रेत्याचा राग येत नाही. जाडीही मोजावी: १६ गेज म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर, १८ गेज सव्वा मिलिमीटर. २०२ वापरूच नये असे नाही. पण तो २०२ म्हणून, २०२ च्या भावाने विकावा.

वाकवलेल्या नळीचा आतला घेर वळणावर चपटा होता कामा नये. आपल्याकडे तसे यंत्र नसेल तर तयार बेंड आणून जोडावेत. जोड आर्गन वेल्डिंगचा हवा आणि नळीच्या आतही आर्गन सोडावा, नाहीतर आतून धातू साखरेसारखा रवाळ होतो आणि तेथूनच चीर जाते. ३०४ ला ३०८-एल तार. स्टेनलेसला साधे लोखंड जोडताना ३०९-एल. गाडीवर फक्त टाके मारावेत, पूर्ण वेल्डिंग खाली काढून करावे. टाके मारण्यापूर्वी बॅटरीची तार सोडावी आणि अर्थ कामाच्या अगदी जवळ लावावा.

बसवताना

गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नये. स्टँड लावल्याशिवाय शागीर्दाला आत पाठवणारा उस्ताद कितीही हुशार असो, त्याच्याकडे मुलगा ठेवू नये. जुन्या नटांवर गंज सोडवणारे तेल आदल्या संध्याकाळी मारून ठेवले तर स्टड तुटत नाहीत. पॅकिंग नेहमी नवे. सर्व नळ्या आधी रबरांवर टांगाव्या, नट हातानेच लावावे, सगळे सरळ रेषेत आल्यावर इंजिनाकडून मागे कसत यावे. मागून पुढे कसले की ताण फ्लेक्सिबलवर येतो आणि काही महिन्यांत ते फाटते.

पेट्रोलची नळी, हँडब्रेकची तार, बंपर यांपासून बोटभर अंतर सुटले पाहिजे, आणि तेही गरम नळीचा हिशेब धरून. अडीच मीटर लांबीची ३०४ ची नळी ३०० अंशांनी तापली की १२ मिलिमीटरहून अधिक वाढते. कंपनीचे उष्णतारोधक पत्रे "आवाज करतात" म्हणून फेकू नयेत. डबा किती खाली येतो हेही पाहावे. आपल्या कॉलन्यांतील गतिरोधक कोणत्याही मापात बांधलेले नाहीत.

गाडी सुरू करून मागचे तोंड जाड ओल्या कापडाने क्षणभर दाबावे आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी सोडावे. गळती केवळ आवाजाची नसते. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, आणि काचा बंद करून एसी लावलेल्या गाडीत तो शिरला तर माणूस झोपेत जातो. सेन्सरजवळ जोड सुटला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर चुकीचे सांगतो आणि मायलेज घसरते.

कायद्याची बाजू

पुष्कळ कारागीर समजतात की दंड झाला तर मालकाला होईल. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील "डीलर" या शब्दाच्या व्याख्येत वाहन दुरुस्तीचा धंदा करणाराही येतो. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमाविरुद्ध बदल करणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडून गाडी चालवणाऱ्यास कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स बंद. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ नमुन्यापासून दूर जाणाऱ्या बदलांविरुद्ध निकाल दिला. नवी मोटार तयार होताना तिला आवाजाची ७४ डेसिबलची मर्यादा आहे. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातलेले आपण पाहिलेच आहेत. त्यांतला बहुतेक माल मोटारसायकलींचा असला तरी कायदा चाके मोजत नाही.

म्हणून दुकानाचा एक नियम असावा: गाडी आली त्यापेक्षा मोठ्या आवाजाने परत जाणार नाही. सूर बदलू द्या, जोर नको. आवाजाचे मीटर घ्यावे. नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, तोंडाच्या उंचीला, ४५ अंशांच्या कोनात धरून, एकाच आरपीएमला, काम सुरू करण्यापूर्वी एकदा आणि झाल्यावर एकदा मोजावे. दोन्ही आकडे वहीत लिहावेत. १० डेसिबल वाढले तर कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो, तेव्हा दोन-तीन आकड्यांचा फरकही हलका समजू नये. जास्त आला तर लोकर वाढवावी, मधला डबा परत घालावा. गिऱ्हाईक ऐकत नसेल तर काम सोडावे. ज्याची गाडी केवळ रॅलीत किंवा ट्रॅकवर पळते, त्याचे काम वेगळे. पण तशी गाडी ट्रेलरवरून आणली जाते, कॉलेज रोडवरून चालवत नाहीत.

बिलावर धातूची जात, गेज, नळीचा व्यास, दोन्ही वेळचे डेसिबल, आणि "कॅट व सेन्सर मूळचे ठेवले आहेत" हे लिहून मालकाची सही घ्यावी. विमा कंपनीला बदल कळवण्याची सूचनाही त्यातच छापावी. काढलेला मूळ सायलेन्सर, रबरे आणि पत्रे गोणपाटात बांधून मालकाच्या हवाली करावेत. तो त्याचा माल आहे, आणि गाडी विकताना त्याला लागणार आहे. दोनशे किलोमीटर चालल्यावर गाडी परत बोलवून सर्व क्लँप थंड असताना पुन्हा एकदा कसावेत. याचे वेगळे पैसे घेऊ नयेत, ते मूळ भावातच धरावेत.