‘तुलना करा’ असें विचारतांना

मराठीच्या प्रश्नपत्रिकेंत ‘तुलना करा’ हे दोन शब्द घालणें सोपें आहे. त्यांच्या उत्तरास गुण देणें मात्र अवघड. बहुतेक विद्यार्थी पहिल्या उताऱ्याचा सारांश लिहितात, मग दुसऱ्याचा, आणि मध्यें ‘याउलट’ हा शब्द बसवितात. दोन घागरी शेजारीं ठेविल्या म्हणून त्यांतील पाणी एक होत नाहीं.

वरच्या वर्गास मी जीं दोन पुस्तकें लावीत आलों तींच उदाहरणादाखल घेतों. रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ १९१० सालीं प्रसिद्ध झालें. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ सालापासून भागाभागांनीं निघालीं. दोघींचे विवाह अकराव्या वर्षाच्या सुमारास झाले, दोघींस लिहिणें-वाचणें पतींनीं शिकविलें, आणि दोघींचे पती नामांकित पुरुष होते. हें साम्य आधीं हातीं आलें पाहिजे. कांदा व कंदील यांत भेद पुष्कळ आहेत, पण त्यांची तुलना करावयास कोणी बसत नाहीं.

आतां भेद. रमाबाईंच्या शिक्षणास घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा विरोध होता. पतींचा आधार मात्र अढळ. लक्ष्मीबाईंस खुद्द टिळकांच्या लहरीपणाशींच संसार करावा लागला. १८९५ सालीं ते ख्रिस्ती झाले तेव्हां तर घरच दुभंगलें, आणि बाईंचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. रमाबाई पतींविषयीं अत्यंत आदरानें, नांव न घेतां लिहितात. लक्ष्मीबाई सरळ ‘टिळक’ म्हणतात, आणि त्यांच्या फजितीबरोबर स्वतःच्याही फजितीवर हंसतात.

एका वर्षीं याच पुस्तकांवर मीं दहा गुणांचा प्रश्न घातला. एका मुलानें चारच ओळी लिहिल्या. एकीचें पुस्तक पतीच्या मृत्यूपाशीं थांबतें, दुसरीचें त्यापुढेंही चालतें; म्हणून पहिलें पतीचें चरित्र वाटतें व दुसरें बाईंचें स्वतःचें, असा त्याचा आशय होता. उत्तर आंखूड म्हणून मीं तीन गुण दिले. रात्रीं पुन्हां वाचतांना वाटलें कीं, न्यायमूर्ति १९०१ सालीं वारले व टिळक १९१९ सालीं, हें मीं वर्गांत सांगितलें होतें. पण पुस्तकें कोठें संपतात याचा विचार मींही केला नव्हता. त्याचे तीनाचे आठ केले. त्याच भरांत, माझींच वाक्यें जशींच्या तशीं उतरविणाऱ्या दुसऱ्या एका मुलाचे सातांचे चार केले.

दुसऱ्या दिवशीं तो दुसरा मुलगा आला. म्हणाला, “सर, आपण सांगितलें तेंच मीं लिहिलें. मग चूक कोणाची?”

चूक माझी होती. शिकविलेल्याच उताऱ्यांवर प्रश्न घालून मीं स्मरणशक्ति तपासली होती, आणि तिलाच तुलना म्हणत होतों. त्याचे तीन गुण परत दिले.

तेव्हांपासून परीक्षेंत मुलांनीं पूर्वीं न पाहिलेले दोन लहान उतारे देतों. तुलना कोणत्या मुद्यावर करावयाची तें त्यांनींच ठरवावें. त्यास दोन गुण. साम्यास दोन. भेदास तीन, पण दोन्ही उताऱ्यांतील शब्दांचा आधार असेल तरच. एकाच बाजूचा आधार दिला तर निम्मे. उरलेले तीन ‘असें कां?’ याच्या उत्तरास. येथें मुलांचें एकमत व्हावें अशी अपेक्षा मी ठेवीत नाहीं. कारण उताऱ्यांतूनच निघालें असलें म्हणजे पुरे. पानें मोजण्याची संवय मात्र अद्याप पुरती सुटलेली नाहीं, म्हणून आंखूड उत्तरांचा गठ्ठा वेगळा काढून तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं तपासतों.