जत्रेतला डबा

प्रश्न : मित्राच्या सांगण्यावरून मोबाईलवर ‘क्रोनो ट्रिगर’ हा जपानी गेम घेतला. तासभर झाला, नुसतं बोलणंच चाललंय, लढाई नावापुरती. पैसे पाण्यात गेले का?
– एक वाचक, कळसाडी (जि. नंदुरबार)

उत्तर : इतक्यात काढून टाकू नका. हा गेम १९९५चा. ‘फायनल फँटसी’चे साकागुची, ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे होरीई आणि ‘ड्रॅगन बॉल’चे चित्रकार तोरियामा अशा तिघांनी मिळून तो उभा केला. गोष्ट आधी, मारामारी नंतर, हीच या जातीच्या गेमची रीत.

सुरुवातीला आई नायकाला झोपेतून उठवते आणि तो जत्रेला निघतो. तुम्ही सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघत, भजी खात जसे रेंगाळता, तसेच इथेही रेंगाळा. ज्याच्या-त्याच्याशी बोला. हरवलेलं मांजर दिसलं तर ते ज्या पोरीचं आहे तिच्याकडे पोहोचवा. आणि तिथे कुणाचा तरी डबा ठेवलेला दिसेल, तो खाऊ नका! (मी खाल्ला होता.) का, ते सांगत नाही, पण या जत्रेतल्या वागण्याचा हिशेब पुढे भर कोर्टात निघतो. तिथे मी गेम बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसलो होतो.

इंग्रजी वाचताना दमछाक होत असेल तर घाई नको. पात्रं आवाजात बोलत नाहीत, सगळं लिहूनच येतं. तुम्ही बोट लावाल तेव्हाच पुढचं वाक्य. लढाईत गोंधळ उडत असेल तर सेटिंगमध्ये ‘वेट’ निवडा, म्हणजे डावपेचांची यादी उघडली की शत्रू थांबतो.

कोर्टाच्या प्रसंगापर्यंत तरी खेळा. त्यानंतरही कंटाळा आला, तर मित्राकडून चहा वसूल करा.