तान्ह्याचा पोटशूळ आणि सुईचा उपचार

प्रश्न : सात आठवड्यांचे बाळ रोज सायंकाळी तीन-तीन तास रडते. अ‍ॅक्युपंक्चर करवून घ्यावे काय?

उत्तर : आपली कासाविशी मी जाणतो, तरी शिफारस करवत नाही. २०१७ च्या स्वीडनमधील १४७ बालकांवरील प्रयोगात रडणे काहीसे घटल्याचे नमूद आहे; परंतु २०१३ च्या नॉर्वेतील चाचणीत, गुडघ्याखाली दोन्ही पायांत तीन दिवस अर्धा-अर्धा मिनिट सुई टोचूनही, लक्षणीय लाभ आढळला नाही; शिवाय हा त्रास सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरत असल्याने कोणत्याही उपचारास श्रेय अनायासे लाभते. ताप, हिरवी उलटी वा शौचात रक्त दिसल्यास मात्र बालरोगतज्ज्ञांकडे तत्काळ न्यावे. रडणे असह्य झाल्यास बाळ घरातील दुसऱ्या माणसाच्या हवाली करावे. गदागदा हलवू कदापि नये.